हजार पायऱ्यांचा उपास

श्यामलाबाईंनी त्या डोंगराचं नाव पहिल्यांदा ऐकलं ते सिडनीजवळच्या केलीव्हिलच्या स्वयंपाकघरात, भेंडी चिरताना. त्यांची सून सुरुची फोनवर कुणाला तरी सांगत होती, की सप्टेंबरात बाराजण निघणार, पेरू देशात जाणार, इंका लोकांच्या जुन्या पवित्र जागा बघणार, ढगात बांधलेल्या गावात ध्यान लावणार आणि धरणीमातेची पूजा करून परत येणार.

श्यामलाबाईंची सुरी थांबली.

"देवाला जाताय?"

"देवाला असं नाही, आई. स्पिरिच्युअल जर्नी आहे."

"डोंगर आहे?"

"आहे."

"पायऱ्या आहेत?"

"भरपूर."

"वर देवी आहे?"

सुरुचीला विचार करावा लागला. "आहे म्हणजे... पाचामामा म्हणतात तिला. धरणीमाताच."

"आईला मामा म्हणणारी माणसं बघायलाच हवीत. मी येते."

हे बोलून त्यांनी भेंडी पुन्हा चिरायला घेतली. त्यांच्या दृष्टीने विषय संपला होता. बाकीच्यांच्या दृष्टीने तिथून सुरू झाला.

श्यामलाबाई मूळच्या वणीच्या. सप्तशृंगीच्या गडावर जायच्या पायऱ्या जिथे सुरू होतात तिथे त्यांचं ओटीच्या सामानाचं दुकान होतं. चौथीपर्यंत शाळा आणि पाचवीपासून दुकान, असं त्यांचं शिक्षण. लग्न झालं तेही दोन दुकानं सोडून पलीकडच्या दुकानात. नारळ, खण, हळदकुंकू, हिरव्या बांगड्या. चाळीस वर्षं त्यांनी दुसऱ्यांच्या यात्रा बघितल्या. कुणी नवस बोलायला यायचं, कुणी फेडायला, कुणी नुसतंच रडायला. श्यामलाबाई सगळ्यांची ओटी बांधून द्यायच्या आणि म्हणायच्या, "सावकाश जा, मधे बसू नका." स्वतः त्या शेकडो वेळा गड चढल्या, पण डोक्यावर नारळाचं पोतं घेऊन. वर पोचलं, की हात जोडायचे ते उभ्या उभ्या, आणि जीव खाली दुकानात. गिऱ्हाईक ताटकळलं असेल, माकडाने केळी पळवली असतील. देवीकडे एकदा धड बघून तिच्यासमोर बूड टेकून बसायचं राहिलं ते राहिलंच. मुलगा विवेक शिकला, सिडनीला आला, दुकान दिराकडे गेलं, नवरा देवाकडे गेला, आणि श्यामलाबाई केलीव्हिलला आल्या. इथे पायऱ्या म्हणाल तर माळ्यावर जायच्या चौदा.

एकदा तरी यात्रेकरू म्हणून जायचं होतं. मागे दुकान न ठेवता. हे त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं, कारण सांगितलं असतं तर घरात सगळ्यांनी त्यांच्याशी चार दिवस गोड बोलायला सुरुवात केली असती, आणि ते त्यांना सोसलं नसतं.

नशीब बघा, गटातल्या एका बाईच्या गुडघ्याने राजीनामा दिला आणि एक जागा रिकामी झाली.

"आई, अकरा हजार फूट उंची आहे," विवेक म्हणाला. तो पॅरामॅटाला बँकेच्या आयटीत होता आणि त्याला प्रत्येक गोष्टीचा आकडा माहीत असे. "तिथे श्वास पुरत नाही माणसाला."

"तुझ्या बापाशी चाळीस वर्षं संसार केला. तिथे कुठे पुरत होता?"

"बहात्तर वर्षांची आहेस तू."

"मग काय ब्याऐंशीची होऊन जाऊ?"

तनया, म्हणजे नात, सोफ्यावर लोळत फोन बघत होती. ती न बघताच म्हणाली, "Dad, she's got a point."

शेवटी निकाल चित्रलेखाकडे गेला. चित्रलेखा ही गटाची म्होरकी. आठवडाभर सरकारी ऑफिसात काम आणि रविवारी योगाचा क्लास. मूळची पुण्याची. आवाज असा मऊ, की ऐकणाऱ्याला वाटावं, ही आपल्याला भूल देतेय आणि आता दात काढणार. सत्तरीच्या वरच्यांसाठी तिने तीन अटी घातल्या. डॉक्टरचं पत्र आणायचं. घरच्या माणसाची फॉर्मवर सही आणायची. आणि सगळ्या गटाचा सराव ठरला होता ब्लू माउंटन्सला, त्यात कटुंबाच्या दरीतून वर येणाऱ्या हजारेक पायऱ्या एका तासात, स्वतःच्या पायांनी चढून दाखवायच्या.

"काकू, राग मानू नका हं," चित्रलेखा म्हणाली. "नियम सत्तरीवरच्या सगळ्यांना सारखा. डोंगर बोलावतो, पण शरीराने हो म्हणायला हवं."

"माझं शरीर तोंडाला विचारल्याशिवाय काही बोलत नाही. चढते मी."

डॉक्टरने पत्र दिलं. विवेक म्हणाला, "एका तासात वर आलीस तर तिथेच सही करतो. नाही आलीस तर हा विषय घरात परत नाही." श्यामलाबाईंनी मान डोलावली. त्या रात्रीपासून त्या माळ्याच्या चौदा पायऱ्या दिवसातून पन्नास वेळा चढायला लागल्या. तिसऱ्या दिवशी तनयाने विचारलं, "Aaji, did you lose something up there?"

सरावाच्या दोन दिवस आधी चित्रलेखाचा गटावर मेसेज आला. दरीत धरणीमातेच्या पूजेचाही सराव करायचा आहे, तर तिकडच्या पद्धतीप्रमाणे शुद्धी पाळू या. धान्य नाही, कांदा-लसूण नाही, मीठ नाही, मांसमच्छी नाही, शरीर हलकं ठेवायचं.

हा मेसेज अकरा मराठी माणसांनी वाचला आणि अकराच्या अकराजणांना एकच अर्थ लागला. उपास! 'शरीर हलकं' हे शब्द मेसेजच्या शेवटी होते आणि तिथपर्यंत कुणी पोचलंच नाही.

"उपासाचं माझ्याकडे," श्यामलाबाईंनी जाहीर केलं. "कुणी डबा आणायचा नाही."

शुक्रवारी दुपारपासून घरात साबुदाणा भिजत होता. दाण्याच्या कुटाचा डोंगर झाला. शनिवारी पहाटे त्यांनी शंभर साबुदाणा वडे तळले, भगर शिजवली, दाण्याची आमटी केली, रताळ्याचा कीस परतला, वर शेंगदाण्याचे लाडू वळले. सुरुचीने भीत भीत विचारलं, "आई, त्यांनी मीठ नको म्हटलंय ना?"

"सैंधव आहे. ते मिठात धरत नाहीत."

"आणि एवढं तळलेलं?"

"उपासाला चालतं," श्यामलाबाई म्हणाल्या. या वाक्यापुढे महाराष्ट्रात आजवर कुणाचं चाललेलं नाही, तिथे सुरुचीचं काय चालणार.

दरीत उतरायला काही लागत नाही. उतरताना सगळेच तरुण असतात. इकडे एप्रिलात हिवाळा तोंडावर असतो, तशी कोवळी थंडी होती, झाडांतून पाणी टपकत होतं, माणसाच्या दुप्पट उंचीचे नेचे उभे होते, आणि बाराजण हसतखिदळत खाली आले. तनया आजीबरोबर होती, हातात घड्याळ घेऊन. विवेक वरच थांबला होता, गाडी आणि कॉफी सांभाळत.

खाली सपाट जागा बघून चित्रलेखाने कापड अंथरलं. पेरूत म्हणे कागदावर फुलं, मका, गोड पदार्थ आणि तीन तीन पानांची जुडी मांडून आईला देतात. ती पानं खरी कोकाची, कोकेन ज्यापासून होतं ती, पण ऑस्ट्रेलियात आणता येत नाहीत म्हणून तिने तमालपत्र आणलं होतं.

श्यामलाबाईंनी ते बघितलं. मग चित्रलेखाकडे बघितलं.

"आईची ओटी भरायचीय का बिर्याणी करायचीय?"

"काकू, हे सिम्बॉलिक आहे."

"असू दे. पण आईपुढे मसाला ठेवतात का गं? सर जरा." त्यांनी पिशवीतून खण काढला, नारळ काढला, तांदूळ, हळकुंड, सुपारी, विड्याची पानं काढली. त्यांचे हात असे चालले, की बघणारे जवळ सरकून बसले. तीन तीन पानांची जुडी, टोकं आईकडे, मधे सुपारी. चाळीस वर्षांचा हात तो. चित्रलेखाने दोन मंत्र स्पॅनिशमध्ये म्हटले, श्यामलाबाईंनी एक जोगवा म्हटला, आणि ती धरणीमाता जिथे कुठे असेल तिथे तिला दोन्ही कळली असतील. नॅशनल पार्कात तांदळाचा दाणासुद्धा टाकायचा नाही, म्हणून मग सगळं आवरून परत पिशवीत भरलं.

आणि मग डबे उघडले.

इथे आल्यापासून तीस वर्षांत पहिल्यांदाच ओटी भरून पंगतीला बसल्यासारखं वाटलं, असं शंतनू म्हणाला. शंतनू हा गटातला एकुलता एक पुरुष, बायको येत नव्हती म्हणून तिच्या वाटचं अध्यात्म करायला आलेला. त्याने अकरा वडे खाल्ले. मोजले तनयाने. चित्रलेखा आधी म्हणाली, "मी फक्त पाणी घेईन," मग म्हणाली, "अर्धाच द्या," आणि त्यानंतर तिचा मऊ आवाज बराच वेळ ऐकू आला नाही, कारण तोंड भरलेलं होतं. एक पांढरा काकाकुवा येऊन वडा घेऊन गेला आणि पाच मिनिटांत चुलतभावांना घेऊन परत आला. श्यामलाबाई वाढत होत्या, आग्रह करत होत्या आणि अधूनमधून आपल्याही तोंडात टाकत होत्या. आचारी स्वतः जेवला नाही तर लोकांना संशय येतो.

साडेअकराला तनयाने घड्याळ लावलं. "Okay Aaji. One hour. Go!"

"मी शेवटी राहते," चित्रलेखा म्हणाली. "कुणी मागे पडायला नको."

पहिल्या शंभर पायऱ्या सगळे गप्पा मारत चढले. दुसऱ्या शंभरात गप्पा थांबल्या. तिसऱ्या शंभरात साबुदाणा जागा झाला. साबुदाण्याचं असं असतं, की तो पोटात जाऊन बसतो तेव्हा पाहुणा असतो, आणि अर्ध्या तासाने घरमालक होतो. वर दाण्याची आमटी, खाली दाण्याचा लाडू, मधे रताळं. बायका कठड्याला धरून ढेकरा देऊ लागल्या. एकीची ढेकर ऐकून दुसरी हसली, हसताना तिला आली, आणि मग ती साथ खालपासून वरपर्यंत पसरली.

श्यामलाबाई मात्र निघाल्या होत्या. पावलाला पाऊल, एका पायरीवर उजव्या बाजूने, पुढचीवर डाव्या, अशी नागमोडी चाल. गडावरचे ओझी वाहणारे असेच चढतात. नाकाने श्वास, तोंड बंद, आणि श्यामलाबाईंचं तोंड बंद म्हणजे त्या किती मनावर घेऊन चढत होत्या ते बघा. छातीत भाता चालला होता, मांड्या पेटल्या होत्या, पण आत कुठेतरी एक जुना आनंद उकळ्या मारत होता. डोक्यावर पोतं नव्हतं. मागे दुकान नव्हतं.

"Six hundred, Aaji! Thirty-three minutes! You're smashing it!"

तेवढ्यात खालून कुणीतरी मोठ्याने कण्हलं, आणि त्यापाठोपाठ हसण्याचा लोट आला.

श्यामलाबाईंनी वाकून बघितलं. खालच्या वळणावर शंतनू पायऱ्यांवर उताणा पडला होता. वरून उतरणारा एक ऑस्ट्रेलियन गडी त्याच्यावर वाकून विचारत होता, "You right, mate?" आणि शंतनू पडल्या पडल्या अंगठा वर करून म्हणत होता, "No worries, no worries, fasting!" त्याच्या बाजूला चार बायका एकमेकींच्या गळ्यात पडून हसत होत्या, आणि सुरुची कठड्यावर डोकं टेकून बसली होती.

"आई, तुम्ही जा वर!" सुरुची ओरडली. "तुमची जागा जाईल! आम्ही येतो कसेतरी!"

तनया म्हणाली, "Keep going, Aaji. चारशेच राहिल्या. You've got heaps of time."

श्यामलाबाई वर बघत उभ्या राहिल्या. वर उजेड होता, कठडा होता, पोरगा होता, सही होती. खाली त्यांचे शंभर वडे अकरा पोटांत बसले होते.

"यात्रेला एकटंच जायचं असतं," त्या पुटपुटल्या, "तर मला वणीला कोण अडवत होतं?" आणि त्या वळल्या.

"Aaji, no!"

"जे मी खाऊ घातलं ते मीच निस्तरणार. चल."

साठ पायऱ्या उतरून त्यांनी आधी पदर खोचला आणि मग तोंड सोडलं. "ऊठ रे ए अकरा वडे! तिकडे गेल्यावर त्या डोंगरालासुद्धा सांगणार का, उपास आहे म्हणून? सुरुची, कठडा सोड, तो काय तुझ्या माहेरचा आहे? सगळ्यांनी ओढण्या काढा. एकीने दुसरीची धरायची. शंतनू, तू मधे, पडलास तर गादी म्हणून उपयोगी पडशील. आता बघा, सरळ चढायचं नाही. उजवी, डावी, उजवी, डावी. वरची पायरी बघायची नाही, चढलेली मोजायची नाही. ढेकर आली तर थांबून द्यायची, चालता चालता नाही. आणि हसायचं अजिबात नाही. हसलं की दम निघून जातो."

हसायचं नाही म्हटल्यावर काय होतं ते सांगायला नको. ती आगगाडी डुलत, खिदळत, ढेकरा देत निघाली. दर पन्नास पायऱ्यांनी कुणीतरी फिस्सकन फुटायचं आणि अकराजण कठड्याला लागायचे. श्यामलाबाई पुढे, सगळ्यात पुढची ओढणी त्यांच्या हातात. त्या शिव्या घालत होत्या आणि त्यांच्याच डोळ्यांतून हसून पाणी येत होतं. "गप्प बसा गं! मेल्यांनो, मला हसवलंत तर एकेकीला इथेच ठेवून जाईन!" वाटेतली माणसं बाजूला होऊन टाळ्या वाजवत होती. एका म्हाताऱ्या गोऱ्या बाईने तर शेवटची ओढणी धरून तीस पायऱ्या सोबतही केली.

वर पोचले तेव्हा उजेड एकदम तोंडावर आला. कठड्यापाशी विवेक उभा होता, हातात कॉफी. आणि त्याच्या शेजारी, केस जागच्या जागी, कपाळ कोरडं, डोळे मिटून दीर्घ श्वास घेत उभी होती चित्रलेखा.

तनयाने घड्याळ बघितलं आणि ते पाठीमागे लपवलं.

"किती?" विवेकने विचारलं.

"...बहात्तर मिनिटं."

हसणं थांबलं. श्यामलाबाईंनी खोचलेला पदर सोडला आणि तोंड पुसलं.

"काकू," चित्रलेखा आपल्या मऊ आवाजात म्हणाली, "तुमच्या जिद्दीला सलाम. पण नियम..."

"एक मिनिट," शंतनू धापा टाकत म्हणाला. "चित्रलेखा, तू शेवटी होतीस ना?"

"हो."

"मग आमच्या पुढे कधी गेलीस? जिना एकच आहे."

चित्रलेखाने डोळे पुन्हा मिटून घेतले. विवेकने कॉफीत बघितलं. त्याला हसू आवरेना. "मी स्टेशनवरच कॉफी घेत होतो," तो म्हणाला. "चित्रलेखाताई वीस मिनिटांपूर्वीच आल्या. दरीतून कड्यावर येते ना, त्या पर्यटकांच्या रेल्वेने."

"No way!" तनया किंचाळली.

बायकांनी तोंडावर हात ठेवले. आता श्यामलाकाकू काय करणार, ते सगळे बघत राहिले. सुरुचीने तर डोळेच झाकले, कारण सासूच्या जिभेची धार तिच्याइतकी कुणाला ठाऊक नव्हती.

श्यामलाबाई कठड्याला टेकल्या. दम घेतला.

"आमच्या गडावर डोलीतून येणारी माणसं असायची," त्या म्हणाल्या. "धडधाकट सुद्धा. मी कुणाला कधी म्हटलं नाही, की तुझी ओटी देवी घेणार नाही. पायी आलेल्याला आणि डोलीत आलेल्याला माझ्या दुकानात नारळ एकच, भाव एकच. तू रेल्वेने आलीस, आलीस. आईच्या दारात हजेरी लागली. पण बाई, तुला गाडी चालते, तर घड्याळ तेवढं माझ्याच मनगटाला का बांधतेस?"

मग चित्रलेखाच्या तोंडून एक आवाज निघाला, आणि तो मऊ बिऊ नव्हता. ती चक्क खो खो हसत खाली बसली. "काकू, नऊ वडे खाल्ले हो मी! नऊ! तीनशेव्या पायरीवर मला चांदण्या दिसल्या, मग उतरलेच खाली!"

"आणि मला वाटलं अर्धाच," श्यामलाबाई म्हणाल्या.

मग काय विचारता. शंतनू पुन्हा उताणा झाला. सुरुची सासूच्या खांद्यावर डोकं ठेवून हसली, जे तिने लग्नानंतर कधी केलं नव्हतं, आणि श्यामलाबाईंनी ते डोकं तिथे राहू दिलं. डोळे पुसत चित्रलेखाने पिशवीतून फॉर्म काढला. "तुमची जागा पक्की. पण एका अटीवर. शुद्धीचा मेसेज यापुढे तुम्ही लिहायचा."

"मला लिहिता कुठे येतंय धड? मी बोलेन, तू लिही. पहिली ओळ लिही, पोटाला तडस लागेपर्यंत खायचं नाही."

विवेकने फॉर्म हातात घेतला.

"आई, तिथे खरंच हवा विरळ आहे गं."

"माहितीय. वर पोचले, की बसणार आहे मी. मला घाई नाही रे या खेपेला."

त्याने आईकडे बघितलं, कॉफीचा कप कठड्यावर ठेवला. सही केली.

बाकीचा फॉर्म गाडीच्या बॉनेटवर तनयाने भरला. नाव, जन्मतारीख, औषधं. अकराजण भोवती उभे राहून उत्तरं सांगत होते, जणू वधूपरीक्षा चालली होती.

"Occupation," तनया म्हणाली. "म्हणजे काम काय करतेस, आजी. Retired लिहू?"

"ते काय असतं?"

"म्हणजे काम संपलं."

"काम कुठे संपलंय? उद्याची कणीक कोण मळणार?" श्यामलाबाई म्हणाल्या. "लिही, दुकान बंद आहे. बाई यात्रेला गेलीय."

"Aaji, there's only one line."

"मग बारीक अक्षरात लिही."